रंग बंद, आवाज बंद

"रंग काढून टाकला की कुठलीच गोष्ट तेवढी वाईट दिसत नाही," असं आत्या एकदा नव्या मुलींना शिकवताना म्हणाली होती.

धीर देण्यासाठी नव्हे. सुईत दोरा कसा ओवावा हे दाखवावं, तसं. तिने एका मुलीच्या खांद्यावरून हात पुढे नेला, पडद्याच्या कोपऱ्यातली एक खूण दाबली आणि समोरचं चित्र राखाडी झालं. मग दुसरी खूण दाबून आवाज बंद केला.

"आधी कोपरे बघायचे. भिंत, जमीन, दार. मधलं सगळ्यात शेवटी. मधलं दिसलं की लगेच बटण. विचार घरी जाऊन करायचा."

"तुम्ही करता घरी जाऊन?" मुलीने विचारलं.

"घरी गेल्यावर मी झोपते."

मुली हसल्या. आत्याही हसली असावी. तिचं हसणं ओठांपर्यंत यायचं आणि दार बंद दिसल्यासारखं मागे फिरायचं.

लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ बघणं हे तिचं काम. एका उंच इमारतीच्या मधल्या मजल्यावर लांबच लांब हॉल होता. त्याच्या खिडक्यांना आतून दुधी कागद चिकटवलेला. बाहेर ऊन आहे की ढग, ते फक्त कागदाच्या पांढरेपणावरून कळायचं. आत जाताना फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा, पर्सही. प्रत्येकीसमोर एक पडदा आणि त्याखाली तीन बटणं: असू दे, काढा, वर पाठवा. व्हिडिओ यायचा, बघायचा, बटण दाबायचं, पुढचा यायचा. कोणी टाकलाय ते दिसायचं नाही. खाली लोकांनी काय लिहिलंय तेही दिसायचं नाही. त्या ओळी वाचायला वेगळी माणसं होती, वरच्या मजल्यावर. त्यांना फक्त ओळी दिसायच्या, व्हिडिओ नाही. दोन्ही मजल्यांची माणसं लिफ्टमध्ये भेटत आणि हवापाण्याचं बोलत.

हॉलमध्ये भाषेप्रमाणे रांगा होत्या. आपल्या भाषेची रांग सगळ्यात लहान. त्यामुळे आपल्या भाषेत बोलणाऱ्या जवळपासच्या लोकांचं जे काही वाईट असेल, ते याच मोजक्या बायकांच्या डोळ्यांखालून जाई. आत्या त्यात सगळ्यात जुनी. तिच्या हातून काही निसटत नाही म्हणून रांगेने तिचं नाव 'गाळणी' ठेवलं होतं. तोंडावर म्हणत. तिला राग येत नसे.

त्याआधी ती दोरे-बटणांच्या दुकानात होती. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येई आणि आत्या रिळाचा नंबर न बघता नेमकं रीळ काढून देई. "नुसतं पिवळं म्हणू नका," ती सांगे. "लोण्याचं की लिंबाचं?" काळा रंगसुद्धा तिच्याकडे चार प्रकारचा होता. लोक कपडे शिवेनासे झाले, दुकान बंद पडलं. तिचं लग्न त्याआधीच मोडलं होतं. धाकट्या भावाने तिला घरी आणलं. इथल्या नोकरीचं कोणीतरी सांगितलं तेव्हा एवढंच म्हणालं, नजर चांगली पाहिजे.

नजर चांगली होती. पहिले काही महिने तिने सगळं रंगात बघितलं. मग एकदा जेवताना ताटाकडे बघून ती उठून गेली, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला ती कोपऱ्यातली खूण दाखवली. कंपनीने ती सोय कामगारांच्या तब्येतीसाठी केली होती. तेव्हापासून आत्या राखाडीत बघत आली. हळूहळू ते राखाडी घरीही यायला लागलं. भावजयीने खिडकीला नवे पडदे लावले आणि विचारलं, "ताई, कसा वाटतो रंग?" आत्या बराच वेळ पडद्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "लावलाय ना नीट, झालं तर."

घरात ती एकाच माणसासाठी जागी होती. भावाची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती सरळ चालत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. कोलांटी मारत यायची. आत्या आणि ती एका खोलीत झोपत. रविवारी दुपारी गच्चीवर भिंगरी कोलांट्या मारायची आणि आत्याने मोजायच्या, असा त्यांचा खेळ. आत्या मोजता मोजता पेंगायची. मग आकडा चुकायचा.

"आत्या, सातानंतर तू परत पाच म्हणालीस."

"दोन मी नापास केल्या. पाय वाकडे होते."

"तू झोपली होतीस. तोंड उघडं होतं तुझं."

भिंगरीला फोन आत्यानेच घेऊन दिला होता, वाढदिवसाला. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्या संध्याकाळी तो हात पुसत बसला होता. भिंगरीने फोन पुढे केला, त्यात खातं उघडायला जन्मसाल विचारलं होतं. खरं साल घातलं तर तो पुढे जाऊ देईना. भावाने आपलं साल घातलं. एका क्षणात ती अकरा वर्षांची मुलगी चाळिशीची झाली आणि फोन खूश झाला.

"चालेल ना गं ताई?" त्याने विचारलं.

"मी आहे ना," आत्या म्हणाली.

भावजय दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. तिला शेजारणीने विचारलं की मुलीला एवढ्यात फोन, भीती नाही वाटत? भावजय म्हणाली, "आमच्या ताईंचं कामच आहे ते. दिवसभर तेच बघतात." खरं होतं. घरातल्या प्रत्येकाने आपली काळजी आत्याच्या खुंटीला अडकवून ठेवली आणि मोकळ्या हातांनी आपापल्या कामाला लागले.

मग एका संध्याकाळी भिंगरी दारातून चालत आली. सरळ. चपला काढल्या, खोलीत जाऊन पलंगावर बसली.

मागोमाग तिच्या कसरतीच्या वर्गाच्या बाई आल्या. उंच, ताठ बाई. बसतानाही कोणीतरी गुण देणार असल्यासारख्या बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते एवढंच. वर्ग सुटायच्या वेळी फाटकाशी एक माणूस उभा होता. त्याच्या फोनवर भिंगरीचा व्हिडिओ होता आणि तो इतर मुलींना दाखवून विचारत होता की ही आज कुठे आहे. बाई पुढे गेल्या तसा तो निघून गेला. काही झालं नाही.

"काही झालं नाही," बाई पुन्हा म्हणाल्या. कोणाला सांगत होत्या कळलं नाही.

व्हिडिओ भिंगरीनेच वर्गाच्या भिंतीसमोर काढून तिच्या खात्यावर चढवलेला. कोणीतरी तो उचलून आपल्या खात्यावर लावला होता. त्या खात्यावर अशाच मुलींचे व्हिडिओ होते, उड्या मारणाऱ्या, नाचणाऱ्या, दात पडलेल्या. खाली अनोळखी माणसांच्या ओळी. भावाने दोन वाचल्या आणि फोन उलटा ठेवला.

"मी मागच्याच आठवड्यात तक्रार केली होती त्याची," बाई म्हणाल्या. "उत्तर आलं, तपासलं, नियमाविरुद्ध काही नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?" भावजयीने विचारलं.

"काढतील असं वाटलं. आणि फोन तुम्ही दिलाय. आमच्याकडे मुलं दोन तास असतात, बाकीचा दिवस तुमचा."

"भिंत तुमची आहे," भावजय म्हणाली. "एवढं मोठं नाव रंगवलंय तुम्ही, फाटकाच्या पत्त्यासकट."

"जाहिरात नको का करायला? शाळेने हॉल द्यायचं बंद केलं, तेव्हा कोण आलं होतं विचारायला?"

"लिफ्ट अडकली की लोक मला फोन लावतात," भाऊ म्हणाला. "दारात कोणाचं बोट आलं तर माझं नाव. आत पाटीवर लिहिलेलं असतं. इथे कोणाला लावायचा फोन?" त्याने घरातल्याच फोनवरून नव्याने तक्रार केली. थोड्या वेळाने उत्तर आलं. हा व्हिडिओ याआधीच आमच्या तपासनीसाने पाहिला असून त्यात नियमभंग आढळलेला नाही. त्याने ते मोठ्याने वाचलं.

"कोण गाढव बसलंय तिथे? डोळे फुटलेत का?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. ती अशी गाढवं ओळखत असणार, एवढ्याच अर्थाने. आत्याच्या हातात चहाचा कप होता. तो तिने खाली ठेवला. "दाखव बघू," ती म्हणाली.

तिने बघितला. भिंगरी नारिंगी कपड्यांत, मागे फिकट हिरवी भिंत, भिंतीवर पिवळ्या अक्षरांत वर्गाचं नाव, गल्लीचं नाव, फाटकाचा नंबर. आधी भिंगरी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते, पण खोलीत सगळे एकदम बोलत होते. मग ती कोलांट्या मारत भिंतीच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. आत्याला हा व्हिडिओ कधी बघितल्याचं आठवत नव्हतं.

ती फोन घेऊन मोरीत गेली. कडी लावली. नळावर एक थेंब लोंबकळत होता, पडत नव्हता. तिने आवाज बंद केला. मग फोनच्या खुणांत शोधून रंग काढून टाकला.

आणि मग तिला ओळख पटली. हा तिने बघितला होता. एक राखाडी पोर, एक राखाडी भिंत. डावा कोपरा, उजवा कोपरा, जमीन. भिंत कोरी. मध्ये मूल, अंगावर कपडे नीट, शेजारी कोणी नाही. असू दे. पुढचा.

भिंत कोरी नव्हती. फिकट हिरवं आणि पिवळं, दोन्ही एकाच वजनाचे रंग. दिवेलागणीला दुकानात तिने अशी दोन रिळं गिऱ्हाइकाला दारात उजेडात नेऊन दाखवली होती, की बघा, आत सारखी दिसतात. राखाडीत दोन्हींचा एकच रंग झाला आणि अक्षरं भिंतीत बुडाली. मुलाचा ठावठिकाणा दिसत असेल तर काढा, हा नियम ती स्वतः नव्या मुलींना शिकवत होती. कोपरे बघायचे तेही त्यासाठीच.

तिला रडू येईल असं वाटलं. तिने थोडी वाट पाहिली. आलं नाही. तिने रंग परत लावला, कडी काढली आणि फोन भावाला दिला.

"काय?" भावाने विचारलं.

"बघते," आत्या म्हणाली.

खोलीत भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आत्या, तो परत येईल?"

"व्हिडिओ गेला की कशाला येईल."

"कधी जाईल?"

"काढतील."

"कोण?"

आत्या आपल्या पलंगावर बसली. चादरीची घडी सारखी केली.

"तुमच्याकडेच येतं ना सगळं," भिंगरी म्हणाली. "तुझ्याकडे आला असता तर बरं झालं असतं. तू ओळखलं असतंस."

यावर आत्या काय बोलली ते भिंगरीला आठवत नाही. ती म्हणते, बहुतेक काही नाही. आत्या असं पुष्कळदा करायची.

सकाळी आत्या रांगेत न बसता साहेबाच्या काचेच्या खोलीत गेली. साहेब तिच्यापेक्षा बराच तरुण. तिनेच त्याला पहिल्या आठवड्यात कोपरे बघायला शिकवलं होतं. मग तो वर चढला. अजून तिला ताई म्हणायचा. तिने सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, भाजी आणायला सांगावं तशा आवाजात. साहेबाने व्हिडिओ शोधून पडद्यावर लावला. त्यालाही भिंतीवरची अक्षरं दिसली.

"तुमच्या घरातलं मूल आहे म्हणजे तुम्ही हात लावायचा नाही," तो म्हणाला. "नियम माहीत आहे तुम्हाला. मी वर पाठवतो."

"कधी बघतील?"

"रांग आहे, ताई."

"पोरगी घरात बसलीय."

साहेबाने डोळे चोळले. "एकच वाट आहे. ज्याने 'असू दे' म्हटलं त्याने चूक मान्य केली तर लगेच उघडतो. पण तिथे कारण लिहावं लागतं. तुम्ही काय लिहिणार? राखाडीत अक्षरं दिसली नाहीत?"

"तसंच झालंय."

"झालंय. पण वरच्यांनी ते वाचलं की काय होईल? उद्यापासून सगळ्यांनी रंगात बघा. ती सोय काढून टाकतील. परवाच एक मुलगी जिन्यात बसून ओकत होती, ती राखाडीत बघते तरी." त्याने रांगेकडे बोट केलं. "त्या पोरी टिकतील? तुम्हीच सांगा."

काचेतून रांग दिसत होती. मुली पाठमोऱ्या. प्रत्येकीसमोर एक राखाडी चौकोन. मधलीच्या खांद्यावर स्वेटर होता, ती तो सारखा वर ओढत होती.

"आणि खरं सांगू?" साहेब म्हणाला. "चूक ना तुमची, ना माझी. लहान मुलीला खातं उघडून दिलं घरच्यांनी. भिंत रंगवली वर्गवाल्यांनी. उचलला त्या माणसाने. खालच्या ओळी वरच्या मजल्याच्या. आपल्याकडे येतं ते सगळं झाल्यावर."

"हो," आत्या म्हणाली.

"मग तुम्ही कशाला अंगावर घेता?"

"कोणाच्या अंगावर टाकू?"

तिने हे भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. दोन रिळांतलं कुठलं हवं, असं विचारल्यासारखं विचारलं. साहेब म्हणाला, "मी पाणी घेऊन येतो." तो उठून कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. ग्लास भरायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. बहुधा मुद्दाम.

आत्या त्याच्या खुर्चीत बसली. आपल्या नंबराने आत गेली. व्हिडिओ उघडला, तो सवयीने राखाडी आला. तिने कोपऱ्यातली खूण दाबली. नारिंगी, हिरवं, पिवळं. लिंबाचं पिवळं. मग तिने आवाजाची खूण दाबली. या हॉलमध्ये कित्येक वर्षांत तिने ती दाबली नव्हती.

"आत्या, मोज हं," पडद्यावरची भिंगरी म्हणाली. "आणि मध्येच झोपू नकोस."

साहेब वळला. काचेच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. पहिल्या खुर्चीतल्या मुलीनेही मान वळवली. भिंगरी कोलांट्या मारत गेली. आत्याचे ओठ हलत होते. शेवटची कोलांटी झाल्यावर भिंगरी धापा टाकत कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली, आकडा ऐकायला थांबल्यासारखी.

आत्याने 'काढा' दाबलं. पडद्याने विचारलं, का? तिने लिहिलं, ठिकाण दिसतं. पडद्याने विचारलं, आधी का दिसलं नाही? बाहेर मधल्या मुलीचा स्वेटर पुन्हा घसरला.

तिने लिहिलं, माझं लक्ष नव्हतं.

शेवटचा प्रश्न होता, मुलाशी तुमचं काही नातं आहे का? तिने 'हो' दाबलं. पडदा रिकामा झाला, आणि पाठोपाठ तिचा नंबरही त्यावरून गेला.

"ताई," साहेब म्हणाला. त्याच्या हातातला ग्लास काठोकाठ भरला होता आणि बोटांवर सांडत होता. "मी बोलून बघतो. तुम्ही काही दिवस घरी थांबा, मी वर सांगतो की—"

आत्याने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली, आणि टेबलावर ठेवलं. रांगेच्या मागून ती दाराकडे निघाली. एका मुलीने हळूच हाक मारली, "गाळणी, काय झालं?" दुसरीने तिच्या दंडाला चिमटा काढला. मग सगळ्या पुन्हा पडद्याकडे वळल्या, कारण पुढचा आला होता. दाराबाहेरच्या कपाटातून पर्स घेतली, फोन घेतला, आणि ती लिफ्टकडे गेली.